दहा हजार एक फोडणारा माणूस

आमच्या गावात त्याला सगळे आकडेफोड्या म्हणत. खरं नाव बिरूबा. दरसाल सुगी सरली की नांदूरघाटाकडून मेंढ्या घेऊन यायचा आणि खतासाठी लोकांच्या रानात बसवायचा. लिहिता-वाचता येत नव्हतं. पण कितीही मोठा आकडा सांगा, डोळे मिटून जरा पुटपुटायचा आणि कुठल्या दोन आकड्यांच्या गुणाकारातून तो झाला ते सांगून मोकळा! जो असा फुटत नाही त्याला तो 'अडेल' म्हणायचा.

मी तिथल्या खासगी मराठी शाळेचा मास्तर. पावकी, निमकी, औटकी असे अपूर्णांकांचेही पाढे घोटून आलेला. तो येण्याआधी हिशेबी डोक्याचा म्हणून गावात माझंच नाव होतं. पारावर लोक माझ्यादेखत त्याला आकडे घालायचे, "वा रे बहाद्दर!" म्हणायचे, आणि माझ्या अंगाची लाही लाही व्हायची. खोटं कशाला बोलू, मी जळायचो.

बरं, माणूस गोड, हेच तर खरं दुखणं! "मास्तर, तुमी लई शिकलेले. लोक मला कशापायी इचारत्यात?" म्हणत पानाची चंची पुढं करायचा. अशा माणसाशी भांडावं तरी कसं?

एका साली तालीम म्हणजे शिक्षण खात्याचे साहेब शाळा तपासायला आले. त्यांची मंजुरी मिळाली नाही तर शाळा बंद आणि मी घरी. साहेब गणिताचे शौकीन. मी ऐटीत म्हणालो, "हुजूर, दहा हजार एक हा आकडा कशानंही फुटत नाही." दोनपासून तीसपर्यंतचे सगळे पाढे लावून मी तो आधीच तपासून ठेवला होता. साहेबांनी थोडी आकडेमोड केली, "बहोत खूब!" म्हणाले आणि सही ठोकली. बिरूबा दारातच उभा होता. त्याचे डोळे मिटले, ओठ हलले. पण तो बोलला काहीच नाही.

साहेबांचा घोडा वेशीबाहेर गेल्यावर तो जवळ आला. "मास्तर, फुटतो त्यो. त्र्याहत्तर, एकशे सदतीस येळा."

मी पाटीवर मांडलं. शंभर वेळा सात हजार तीनशे, सदतीस वेळा दोन हजार सातशे एक. बरोब्बर दहा हजार एक! मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मग तिथंच का नाही बोललास?"

"तुमची भाकर हाय की त्यात."

"अरे, पण तीसपर्यंत सगळे पाढे लावले होते मी!"

"आसं व्हय?" तो मनापासून म्हणाला. "मला पाढेच येत न्हाईत. तिसावर थांबायचं आसतंय, हे मला कुटं ठावं?"

टोमणा मारला असता तर परवडलं असतं. ज्यानं नोकरी वाचवली त्याच्यावरच मी वर्षभर धुमसत राहिलो. शंभरापर्यंतच्या एकेका आकड्यानं भागून पाहिलं आणि शेवटी एक खराखुरा अडेल गाठला, दहा हजार सात. आता ये म्हणावं बेट्याला!

सुगी सरली, मेंढ्या आल्या. पुढं त्याचा भाऊ होता. बिरूबा परळीच्या वाटेवर तापानं गेला, म्हणाला. मी तसाच मागं फिरलो. माझा दहा हजार सात आता कुणापुढं टाकायचा?

शाळेत पोरं पाढे म्हणत होती. 'तीस दाहे तीनशे' झालं आणि गप्प बसली.

"थांबलात का रे?" मी ओरडलो. "पुढं म्हणा!"