बदलीवरचा दम

मोठ्या डॉक्टरांनी कामावर घेतानाच मला दम भरला होता: माणसं तीच, प्रश्न तेच, दर वर्षी. एका यादीत निजामपुऱ्यातले लूमवर कापसाची धूळ खाणारे कामगार, दुसरीत दिघाशीचे शेतकरी. दोन्हीकडच्यांनी वर्षातून एकदा दम मोजायच्या यंत्रात फुंकायचं. धूळवाल्यांचा दम शेतकऱ्यांपेक्षा लवकर घटतोय का, ते बघायचं.

दिघाशीत म्हातारे पैजा लावून फुंकायचे. "आमच्या छातीला काय व्हतंय? काय न्हाय!" निजामपुऱ्यात मात्र लूमच्या खडखडाटात मी घसा फोडून "जोर से!" ओरडायची. घरी आईशीही तशीच बोलायची. ती बिचारी वैतागायची.

एक कामगार फार खोकायचा. शेठ म्हणायचा, बिडीमुळे. ह्याने आयुष्यात बिडीला हात लावला नव्हता! दर वर्षी मला विचारायचा, "दीदी, धूल से है ना? शेठ को बोलो ना." मी म्हणायची, आकडे पुरे होऊ देत, अजून थोडी वर्षं थांबा.

तिसऱ्या वर्षी त्याचा आकडा एकदम वाढला. डॉक्टर माझ्यावर उखडले. "धूळ खाऊन माणूस सुधारतोय? मग आपण इथे कशाला झक मारतोय?" मी तणतणत परत गेले. लूमवर त्याचा धाकटा भाऊ, चांगला धट्टाकट्टा.

"भाई की बदली पे हूँ," तो म्हणाला. इथली रीतच ती. एक गावाला गेला की दुसरा त्याच्या नावावर उभा राहायचा. यंदा मी दिघाशीत होते; इथे आमच्या मदतनिसाने थोरल्याचं नाव पुकारलं, ह्याने फुंकलं. "ड्युटी तो पूरी करनी थी!" आणखी कोणी असं फुंकलंय, विचारलं तर चार हात वर. तेही हसत! मी कपाळावर हात मारला.

"मेल्यांनो, माझी तीन वर्षं पाण्यात घातलीत! आणि भाऊ कधी येणार?"

"नहीं आएगा. चार क़दम में हाँफ जाता था."

माझा राग ओसरला. ज्यांचा दम गेला ते गावाला, आणि आमच्या यंत्रात फुंकायला उरले ते धडधाकट. आमचा अहवाल शेठचीच बाजू घेणार होता. मला स्वतःचीच लाज वाटली. थोरल्याला गावी निरोप धाडला, बिडी नव्हती हो, धूळच. डॉक्टरांना न विचारता.

धाकटा छाती फुगवून विचारत होता, "दीदी, मेरा नंबर सबसे अच्छा आया ना?"

"हो रे बाबा, सगळ्यांत चांगला," मी म्हटलं, आणि तो लूमकडे वळल्यावर मला रडू आलं.