केळवणाचं ताट

मुलीच्या लग्नाआधी केळवणं असतात, हे वजनापायी पोट कापून घ्यायला निघताना माझ्या डोक्यात आलंच नाही. बायकोच्या आलं होतं. "अहो, लग्न होऊन जाऊ दे, मग जा," ती म्हणाली होती. पण मला लग्नात शेरवानी नीट बसायला हवी होती. गुडघे, साखर, घोरणं ही कारणंही होतीच. डॉक्टरांना मी तीच सांगितली. बायकोला ठाऊक होतं.

तुर्कस्तानात गेलो, कारण पुण्यात कुठल्याही हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये ओळखीचं कोणीतरी भेटतंच. मग 'तोंड आवरलं नाही म्हणून पोट आवळलं' हे गावभर झालं असतं. ऑफिसच्या कामाला चाललोय, असं सगळ्यांना सांगितलं. मुलीलासुद्धा.

जठराचा बराचसा भाग काढून टाकला, एक अरुंद नळी शिल्लक ठेवली आणि मला विमानात बसवून दिलं. ऑपरेशन सोपं होतं, हे घरी आल्यावर कळलं. पाणी प्यायचं ते चमच्याचमच्याने. जेवताना पाणी नाही, पाण्यानंतर लगेच जेवण नाही. प्रोटीनची पावडर ओल्या खडूसारखी लागायची. टाके लाल दिसायला लागले म्हणून तिकडच्या सर्जनना फोटो पाठवला, तर उत्तर म्हणून नुसता अंगठा आला. इथल्या डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "खरेदी तिकडे, दुरुस्ती इकडे. छान." मी मान खाली घालून शर्ट वर केला.

तोवर केळवणं सुरू झाली. रोज कोणीतरी नातेवाईक जेवायला बोलावणार, ताटाभोवती रांगोळी काढणार आणि आग्रह करकरून वाढणार. मी चार घासांत संपायचो. एकीकडे पित्त सांगितलं, दुसरीकडे दाढ. मेहुणीकडे मटारची करंजी रुमालात गुंडाळून खिशात घातली, आणि वर बघतो तर मुलगी माझ्याकडेच पाहत होती.

मग मुलाकडच्यांनी लोणी काळभोरला जेवायला बोलावलं. घर शेतकऱ्याचं, मुलगा माझ्या मुलीच्याच ऑफिसात. हे स्थळ तिने सांगितलं तेव्हा मी जरा कां-कू केली होती. पुढे राजी झालो, मनापासून झालो, पण ती कां-कू ती विसरली नव्हती.

विहीणबाईंनी पुरणपोळी केली होती, वर तुपाची धार. मी दोन घास खाऊन हात आखडला.

"पाव्हणं, आमचं काय चुकलं का?" व्याह्यांनी विचारलं. "पोळी ग्वाड न्हाई लागली?"

मुलीचं तोंड उतरलं. ते मला बघवेना, म्हणून मी ती पोळी अख्खी खाल्ली. शहाणपणाचं एक काम इतक्या दिवसांत जमलं नव्हतं, तेव्हा कसं जमणार?

थोड्याच वेळात दरदरून घाम फुटला, छाती धडधडायला लागली. मी मागच्या दाराने बाहेर पडून हौदाशेजारी ओकत बसलो. मागून मुलगी आली.

"बाबा, एकदा खरं सांग. तुला हे लग्न नकोय ना?"

"अगं, नाही गं, तसं नाही..."

"मग कोणाच्याही घरी जेवत का नाहीस? त्याच्या आईने दिलेलं ओकून टाकतोस? मी त्याला रोज सांगतेय, बाबांना पित्त आहे. मलाच खरं वाटत नाही!"

मी सांगितलं. हौदाच्या कडेला बसून, तोंड पुसत, सगळं. शेरवानीसकट.

"म्हणजे मी रडून रडून मरतेय, आणि तू पोट लपवतोयस?"

"आत कोणाला सांगू नकोस."

ती आत गेली आणि तिने सगळ्यांना सांगितलं.

"मग आदी सांगायचं न्हाई व्हय!" विहीणबाई माझ्यावर ओरडल्याच. "सकाळधरनं पुरण वाटतीया मी!" आणि छोट्या वाटीत आमटीचं वरचं पाणी आणून माझ्यासमोर आपटलं. "हे तरी चालतंय का?"

ते चाललं.

परतताना हडपसरच्या ट्रॅफिकमध्ये गाडी अडकली तेव्हा मुलगी एवढंच म्हणाली, "पुढच्या ठिकाणी तू सांगायचंस. पाटावर बसायच्या आधी."

पुढचं ठिकाण माझ्या आत्याचं, शनिवार पेठेत. म्हणजे उद्या सकाळपर्यंत सगळ्या पेठांना कळणार. चपला काढता काढताच मी सांगून टाकलं. माझे कान तापले होते.

आत्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "पोट कापलंस ना? मग दिसतोयस तसाच कसा?"

मुलगी खळखळून हसली. कितीतरी दिवसांनी. मी चमच्याने भाताची पेज खात बसलो, आणि ती माझ्या वाटणीची जिलबी खात बसली.