कांदाचाळीतलं रशियन

काल कांदाचाळीत सडके कांदे निवडताना उग्र वास नाकात गेला आन् मला माझी बायको दिसली. कमल. तिला जाऊन सात महिने झाले.

काही वर्षांमागची गोष्ट. आमची पोरगी सुनंदा पुण्याला विद्यापीठात रशियन शिकत होती. परीक्षेच्या तयारीला ती महिनाभर घरी आली होती, दुसऱ्या दिवशी तोंडी परीक्षा होती. कमल पोत्यावर बसून कांदे निवडत होती आणि पोरगी समोर येरझाऱ्या घालत पाठ केलेला रशियन उतारा म्हणत होती. मी वैतागून म्हणालो, "ही भाषा आपल्या निमोण्यात कोण बोलणार हाय? बैलं?"

कमल खाली मान घालूनच म्हणाली, "तुम्ही मराठीत बोलता, ते तरी कोण ऐकतंय?"

मग तिचा हात एकदम थांबला. "सुनंदे, मधलं कायतरी खाल्लंस तू. कालच्यावानी न्हाई आलं."

पोरीनं वही बघितली. अख्खी ओळ सुटली होती. कमलला सही येत नव्हती, पण महिनाभर ऐकून तिच्या कानात सगळं बसलं होतं. तवा मी हसलो. आज कळतं, त्याच घरात राहून मी एक दिवस नीट ऐकलं नव्हतं.

आता पुढच्या महिन्यात सुनंदाला मोठ्या पदवीसाठी रशियनमध्ये बोलायचं आहे. काल चाळीत असतानाच तिचा फोन आला. "आबा, आईबिगर न्हाई जमायचं. सोडून देते."

"सोडायचं न्हाई," मी म्हणालो. "तुझ्या आईच्या जागेवर बसलोय. म्हण. रोज म्हणायचं. महिन्याभरात तुझी चूक मला धरता आली न्हाई, तर मग सोडायचं बोल."

तिकडं ती रडत होती. मी फोन कानाला घट्ट लावला. जरा वेळानं रशियन सुरू झालं.