पॅनेलवरच्या मुंगवड्या

दारव्ह्याच्या आमच्या घरावर सोलर बसवावं का, याचे नफे-तोटे मी इतके तोलले की मला पाहून गल्लीतले लोक रस्ता बदलू लागले. एकीकडे बसवण्याचा खर्च, माकडांची भीती, पावसाळ्यातले ढग. दुसरीकडे उन्हाळाभर घरघरणारे दोन कूलर आणि दुपारी चोरपावलांनी जाऊन त्यांचं बटन बंद करणारा मी. जन्मभर कचेरीत दुसऱ्यांच्या अर्जांवर शेरे मारले; स्वतःच्या अर्जावर ‘मंजूर’ म्हणायला मात्र हात धजेना.

सगळं ऐकून बायकोनं एकच विचारलं, “अन् मुंगवड्या कुठी घालू?”

आमचं छत गल्लीत सगळ्यात मोठं. दर उन्हाळ्यात शेजारच्या बायका वाटलेली मुगाची डाळ घेऊन तिथे जमतात, जुन्या लुगड्यांवर एकेक वडी टाकतात आणि वड्यांच्या जोडीनं घरोघरच्या सासवा, सुना आणि नवऱ्यांनाही ऊन दाखवतात. वर्षभराचं बोलणं त्या चार सकाळींत उरकतं. मी ऐटीत सांगितलं की पॅनेलखाली भरपूर जागा असते. तोवर मी पॅनेल जवळून पाहिलेलंही नव्हतं.

शेवटी पॅनेलं बसली, पण गुडघ्याएवढ्या उंचीवर, विरळ पसरून सगळं छत व्यापून. खाली मांजर आरामात झोपायचं, पण ऊन काही शिरायचं नाही. उन्हाळा लागल्यावर बायकोनं शेजारणींना हळूच सांगितलं, यंदा आपापल्या अंगणात घाला. ते मी खिडकीतून ऐकलं. ती भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणात माझा हात कोणी धरत नाही.

मग मला युक्ती सुचली. छतावरचं सगळ्यात चांगलं ऊन कुठे पडतं? पॅनेलवरच! वर काचेसारखी स्वच्छ जागा, दक्षिणेकडे तोंड. मी बायकोची लुगडी पॅनेलवर अंथरली, सुतळीनं कोपरे बांधले आणि शेजारणींना परत बोलावणं धाडलं. बायकोनं माझ्याकडे आणि लुगड्यांकडे आळीपाळीनं पाहिलं. पण पाट्यावरची डाळ वाटून झाली होती. वड्या पडल्या, आणि वाळल्या अशा खणखणीत की मी दोन दिवस छाती काढून हिंडलो.

तिसऱ्या दिवशी मोबाईलवर पाहतो तर पॅनेलची वीज जवळजवळ नाहीच. मी तडक ती बसवून गेलेल्या यवतमाळच्या फिटरला फोन लावून झापलं. म्हणालो, अरे, ऊन एवढं कडक की मुंगवड्या पाहता पाहता वाळल्या, आणि तुझं यंत्र झोपलंय!

“काका,” तो म्हणाला, “वड्या कुठी वाळून राह्यल्या?”

“पॅने...” म्हणालो, आणि फोन हातात घेऊनच जिन्याकडे धावलो.

तरीही तो आला. काचेवर चिकटलेलं पीठ धुताना मूठभर वड्या त्यानं गपकन तोंडात टाकल्या. मी पडेल आवाजात सांगितलं की हे सगळं काढून टाक, छत मोकळं कर. तेव्हा मागून बायको बोलली.

“काढता कायले? औंदा दुपारभर कूलर चालते अन् तुम्ही बटनाकडे ढुंकूनही पाहत नाही. थे सुख मी सोडत नाही. वर उचला, अन् पाण्याच्या टाकीकडे खेटून सरकवा.”

तिनंही तोलून पाहिलं होतं तर. फक्त गल्लीला त्रास न देता.

लोखंडी सांगाड्याचा खर्च वाढला, मी दोन दिवस कण्हलो. पण सांगाडा डोक्याहून उंच झाला, पाण्याच्या टाकीवर सावली आली, आणि भर मे महिन्यात नळाचं पाणी हात पोळेनासं झालं. हा फायदा माझ्या हिशेबात कुठेच नव्हता. अर्धं छत पुन्हा उन्हाला मोकळं मिळालं.

तेव्हापासून बायका पॅनेलखाली सावलीत बसतात आणि वड्या समोर उन्हात पडतात. पूर्वी ऊन चढलं की बैठक मोडायची, आता दुपारच्या जेवणापर्यंत चालते. म्हणजे नवऱ्यांचं वाळवण दुप्पट. माझी नेमणूक कावळे हाकलायला.

परवा एका शेजारणीनं विचारलं, भाऊजी, आमच्या छतावर बसवावं का? फायदा जास्त का तोटा? मी काठी खाली ठेवली, घसा खाकरला.

“त्यायले नको इचारू,” बायको म्हणाली, “मले इचार. पयले उंची पाह्य, मंग बाकीचं.”

मी काठी उचलली. तेवढ्यात कावळ्यानं एक वडी नेलीच.