पूजेचं मशीन

सर्जेराव सरांना स्वच्छतेचं वेड आहे, असं परतुरात सगळे म्हणतात आणि कौतुकानं म्हणतात. मी त्यांच्या हाताखाली नोकरी केली आहे, त्यामुळे मला ते कौतुक करवत नाही. ज्या माणसाला फडक्यापलीकडचं काही कळत नाही, त्याच्या हाती फडकं दिलं की काय होतं, ते मी पाहिलंय.

एक्क्याऐंशी साली सरांनी मोंढ्याच्या रस्त्यावर, एका आडत दुकानाच्या माडीवर टायपिंग इन्स्टिट्यूट काढली. तालुक्यातल्या कितीतरी कारकुनांची बोटं त्यांनी वळवली, हे मी नाकारत नाही. पण त्यांचं नाव झालं ते खंडेनवमीमुळे. त्या दिवशी शेतकरी विळे-कुऱ्हाडी घासतो, सुतार रंधा पुसतो, तसे सर टायपरायटर उघडायला बसायचे. रॉकेलात बुडवलेल्या ब्रशनं एकेक अक्षर घासायचे, तेल द्यायचे, मग हळद-कुंकू, झेंडूचा हार, नारळ. बघायला माणसं जमायची. टायपरायटरला हे सगळं मानवायचं, कारण ते बिचारं लोखंड. कितीही घासा, तक्रार करत नाही.

मग कॉम्प्युटर आले. सर जालन्याला जाऊन कसलासा कोर्स करून आले आणि एस.टी.तून उतरले ते संगणकतज्ज्ञ होऊनच. पाटी बदलली, टायपरायटर माळ्यावर गेले, माडीवर कॉम्प्युटरची रांग लागली. शिकवायला मला ठेवलं, कारण सरांना स्वतःला त्यातलं काडीचं येत नव्हतं. फाइल सापडली नाही की ते मॉनिटर पुसायचे. प्रिंटर अडला की प्रिंटर पुसायचे. चप्पल खाली जिन्यापाशी काढायची, हात धुऊन यायचं, मशीनला नमस्कार करायचा आणि मगच बटण दाबायचं, असा नियम होता. पोरं निमूट पाळायची. पोरांचे आईबाप तर यावरच खूश असायचे.

त्या वर्षी, म्हणजे २००४ साली, माझी नंदामावशी क्लासला आली. मावशी आष्टीला अंगणवाडी चालवायची. नवरा लवकर गेलेला, पोरं मोठी केलेली, आणि आता तिच्या मनात एकच होतं. तिला पर्यवेक्षिका व्हायचं होतं. जागा निघाली होती, बाकी सगळ्या अटींत ती बसत होती, फक्त कॉम्प्युटरचं सर्टिफिकेट हवं होतं. पुढल्या वर्षी वयाची अट ओलांडली जाणार होती. म्हणजे ही परीक्षा हुकली की सगळंच संपलं. अंगणवाडी उरकून ती आष्टीहून काळीपिवळी जीपमध्ये दाटीवाटीनं बसून यायची, पदराला हात पुसायची आणि माउस असा धरायची की जणू कोंबडीचं पिल्लूच हातात आलंय. पण शिकली. मुलांची नावं, वजनं, उंची असा सगळा तक्ता न अडखळता करायला लागली. मला तिचा फार अभिमान वाटायचा आणि तो मी लपवत नव्हते.

परीक्षा दसऱ्यानंतर लगेच होती. त्याआधी आली खंडेनवमी.

सरांनी रांगेतलं पहिलं मशीन पूजेला काढलं. बाकीची वरवर पुसली, पण हे एक त्यांनी जमलेल्या लोकांसमोर पार उघडलं. डबा उघडला, आतला पंखा काढला, पंख्याखालचा ॲल्युमिनियमचा पात्यापात्यांचा ठोकळा ओढून काढला. त्याच्याखाली प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, टपाल तिकिटाएवढा चौकोन. त्याच्यावर आणि ठोकळ्याच्या बुडाला पांढरट, चिकट असा काहीतरी थर होता.

"बघा, बघा," सर लोकांना म्हणाले, "किती घाण साचून राह्यली! कंपनीवाले असंच पाठवून देतेत. कुणी उघडून पाहतच न्हाई."

आणि त्यांनी जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यानं, स्पिरिट लावून तो थर पुसून काढला. अगदी चकाचक. कोपऱ्यात राहिलेलं नखानं खरवडलं. मग सगळं जसंच्या तसं बसवलं, वर हळद-कुंकू लावलं, हार घातला, नारळ फोडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मावशीही त्यात होती.

"नंदाबाई," सर तिला म्हणाले, "परीक्षेला तुम्हाला हेच मशीन. पूजेचं मशीन हाय. डोळे झाकून पास व्हताल."

मावशीनं वाकून मशीनला नमस्कार केला. सरांनाही केला.

दसऱ्याची सुट्टी झाली आणि परीक्षेचा दिवस उजाडला. ऑक्टोबरचं ऊन, वर पत्रे, माडी नुसती तापलेली. परीक्षा घ्यायला बाहेरचे साहेब आलेले, म्हणून मला आत बसू दिलं नाही. मी जिन्यावर उभी राहून खिडकीतून पाहत होते. मावशीनं हात जोडले, बटण दाबलं आणि कामाला लागली. तिचा तक्ता निम्म्यावर आला आणि पडदा काळा झाला.

सरांनी धावत जाऊन पुन्हा चालू केलं. मावशीनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. थोडं चाललं आणि पुन्हा बंद. तिसऱ्यांदा तर मशीन नीट सुरूसुद्धा होईना. बाकी सगळ्यांची मशीनं सुरळीत चालली होती. साहेब घड्याळ पाहायला लागले. रिकामं मशीन दुसरं नव्हतं. मावशीच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि ती काळ्या पडद्याकडे बघत बसली होती.

"सर, मी काय चुकीचं केलं का?" तिनं विचारलं. तिचा आवाज मला बाहेर ऐकू आला.

सर्जेराव सरांनी एकदा त्या मशीनकडे पाहिलं, एकदा साहेबांकडे पाहिलं. स्वतःच्या पूजेच्या मशीनचा अपमान त्यांना कसा सोसणार?

"मशीनला काय झालंय? बाकीच्यांची बराबर चालून राह्यली," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "तुमचा हातच जड हाय, नंदाबाई. काही काही हात मशीनला मानवत न्हाईत."

मावशी उठली. जिना उतरून खाली चप्पल पायात घालताना ती माझ्याकडे बघेना.

पुढल्या आठवड्यात जालन्याहून दुरुस्तीवाला आला, बद्रीनाथ नावाचा. त्यानं ठोकळा उचलला आणि विचारलं, "इथली पेस्ट कुणी पुसली?"

"पेस्ट कसली? घाण व्हती ती," सर म्हणाले.

बद्रीनाथला हसू आवरेना. प्रोसेसर तापतो, ती धग वरच्या ठोकळ्यात जायला हवी, मग पंखा तिला उडवून लावतो. दोन्ही धातू कितीही घट्ट दाबले तरी मध्ये बारीक फट राहते, ती भरायला ही पेस्ट. ती नसेल तर प्रोसेसर तापत राहतो आणि जळू नये म्हणून मशीन स्वतःच बंद पडतं. एवढी साधी गोष्ट. त्यानं तिथला धुरळा पुसला, ट्यूबमधून गव्हाच्या दाण्याएवढी पेस्ट मध्यभागी सोडली, ठोकळा बसवला, आणि मशीन संध्याकाळपर्यंत बिनतक्रार चाललं.

तो गेल्यावर मी म्हणाले, "सर, मावशीला सांगा."

"काय सांगू?"

"की मशीन तुमच्यामुळं बंद पडलं."

सरांनी फडकं झटकलं. "आता सांगून काय व्हणार? फेरपरीक्षा थोडीच घेऊन राह्यले ते? उगंच इन्स्टिट्यूटचं नाव खराब करू नको, कौसल्या."

मी त्याच दिवशी नोकरी सोडली आणि आष्टीला गेले. चुलीपाशी बसून मावशीला सगळं सांगितलं: पेस्ट, ठोकळा, धग, बद्रीनाथ. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्या पाठीवर हात ठेवला.

"तू माझी हायेस, म्हणून बोलून राह्यलीस," ती म्हणाली. "सर इतक्या वर्षांचे जाणते. ते कशाला खोटं बोलतील? आणि ते मशीन तर किती साफ केल्तं त्यांनी, मी डोळ्यांनी पाह्यलंय."

मला इतका संताप आला की मी चहाही न घेता उठले. मावशीवर नव्हे. त्या फडक्यावर.

पर्यवेक्षिकेच्या जागी दुसरी कुणी आली. मावशी अंगणवाडीतच राहिली. घरात मुलानं मोबाईल आणला, पण तो वाजला की ती शेजारच्या पोरीला हाक मारायची. मिक्सरला हात लावणं सोडलं, पाट्यावर वाटायला लागली. कुणी विचारलं तर सरळ सांगायची, "माझा हात जड हाय."

आणि सर? पुढल्या खंडेनवमीला त्यांनी ते मशीन पुन्हा उघडलं, बद्रीनाथची पेस्ट पुन्हा पुसली. एवढं मात्र लक्षात राहिलं होतं की तिथं काहीतरी पांढरं लागतं. परतुरात ते मिळेना, म्हणून खिशातली तंबाखूची डबी काढली आणि प्रोसेसरला चुना लावला. मी ऐकलं तेव्हा आधी विश्वास बसला नाही, मग बसला. ॲल्युमिनियमला चुन्यानं खाल्लं, मशीन कायमचं बसलं. सरांनी ते फेकलं नाही. पूजेचं मशीन ना! ते वेगळ्या स्टुलावर, सरस्वतीच्या फोटोखाली ठेवलं.

इन्स्टिट्यूटला पंचवीस वर्षं झाली तेव्हा खंडेनवमीलाच मोठा कार्यक्रम केला. मावशीला आमंत्रण आलं आणि ती गेलीच पाहिजे म्हणाली, म्हणून मी तिच्याबरोबर गेले. सरांचा सत्कार झाला. त्यांच्या शिस्तीवर आणि स्वच्छतेवर भाषणं झाली. मग जुन्या विद्यार्थ्यांनी एकेक करून मशीनला हार घालायचा होता. आत प्राण नाही, चुन्यानं खाल्लेला तो पत्र्याचा डबा, आणि त्याच्यासमोर शहाणीसुरती माणसं रांग लावून उभी!

मावशीची पाळी आली. ती स्टुलापासून चार हात अलीकडेच थांबली. पुढं होईना. हातातला हार तिनं माझ्याकडे दिला.

"तू घाल बाई," ती म्हणाली. "चांगल्या मशीनला माझा हात लागायला नको."

मी सरांकडे पाहिलं. ते जवळच उभे होते, खांद्यावर शाल, हातात नारळ. त्यांनी ऐकलं होतं. त्यांना सगळं ठाऊक होतं. आता तरी बोलतील, म्हणून मी थांबले.

सरांनी मान हलवली.

"बराबर हाय, नंदाबाई," ते म्हणाले. "लांबूनच नमस्कार करा."

आणि मावशीनं केला.