खंडेनवमीचं कुंकू

माझ्या जुन्या रोजनिशीतलं पान: गुरुवार, १२ ऑक्टोबर १९७८. सकाळी दूध नासलं. कालच्या दसऱ्याची तोरणं काढली. दाक्षायणी चहा न घेताच लॅबमध्ये गेली.

दाक्षायणी माझी भाडेकरू. वरच्या दोन खोल्यांत ती आणि तिची सासू सावित्रम्मा राहत. नवरा रेल्वेत, वाडी जंक्शनला. माहेर-सासर दोन्ही अक्कलकोटकडचं, त्यामुळे घरात कानडी. मिरजेला राहून तिनं लॅबचा कोर्स केला आणि सोलापूरच्या नवी पेठेत डॉ. चिंतामणी वळसंगकरांकडे रक्त-लघवी तपासायच्या कामाला लागली. सावित्रम्मांना ते काम पसंत नव्हतं. लॅबमधून आल्यावर आंघोळ केल्याशिवाय त्या सुनेला चुलीकडे फिरकू देत नसत. मात्र शेजारणींपुढे ‘आमची सून डॉक्टरांच्या बरोबरीनं बसते’ असं सांगत.

त्या भाद्रपदात डॉक्टरांनी रक्तातली साखर मोजायचं नवं यंत्र आणलं. जुन्यावर काटा हलायचा आणि तो डोळा बारीक करून वाचावा लागे. नव्यावर लाल आकडे उजळत. माहितीचं पुस्तक इंग्रजी. ते आम्ही दोघींनी माझ्या ओट्यावर बसून वाचलं. मी अर्थ सांगायची, ती मान हलवायची, आणि मला न कळलेलं तीच मला समजावायची. डॉक्टरांनी महिन्याची मुदत दिली होती. जमलं तर यंत्र तिच्याकडे, नाहीतर पुण्याहून शिकलेला मुलगा बोलावणार, आणि मग तिला फक्त बाटल्या धुवायला ठेवणार.

सोलापुरात खंडेनवमीला माग पुजतात, तराजू पुजतात, शिवणयंत्र पुजतात. दाक्षायणीनंही मंगळवारी यंत्राला हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला, आणि शेजारच्या काचेच्या नळीलाही तेच कुंकवाचं बोट लावलं.

बुधवारी दसऱ्याची सुट्टी होती. गुरुवारी सकाळी आलेल्या सगळ्यांनाच साखर निघाली. वैरागचे कुंडलिक त्यांतले पहिले. डॉक्टरांनी रिपोर्टवर सही केली, पथ्य सांगितलं, आणि कुंडलिक एसटी स्टँडकडे गेले. शेवटी कॉलेजातल्या एका सडपातळ मुलीच्या रक्तातही जवळपास तेवढीच साखर दिसली, तेव्हा दाक्षायणीनं नळी उजेडात धरली. बुडाशी कुंकवाचा ठसा होता. यंत्र नळीतून उजेड सोडून साखर मोजे. शून्य लावायची पाण्याची नळी स्वच्छ, म्हणून शून्य बरोबर येत होतं. सगळ्यांचं रक्त ज्या एका नळीत घातलं, तिच्यावरच्या ठशानं मात्र उजेड अडवून प्रत्येकाचा आकडा चढवला होता.

नळी पुसून गप्प बसली असती तर कुणाला कळलं नसतं. संध्याकाळी ती मला म्हणाली, “काकू, मुदत संपायला चारच दिवस राहिले होते.” तरी ती डॉक्टरांकडे गेली.

“नळीला कुंकू कुणी लावलं?” त्यांनी विचारलं.

“मीच.”

ती रिक्षानं स्टँडवर गेली. कुंडलिक बाकड्यावर बसले होते, मांडीवर पेढ्यांचा कागद.

“काका, परत चला. तुमची तपासणी चुकली.”

“मंजी साखर न्हाय?”

“परत बघायला लागेल.”

“आता कसं बघता? शेवटचंच म्हणून पावशेर पेढं खाल्लं की.”

सकाळचं रक्त फ्रिजमध्ये शिल्लक होतं, म्हणून पेढ्यांनी बिघडलं नाही. नव्या नळीत तपासलं, साखर नव्हती. कुंडलिक म्हणाले, “मग पथ्याचं काय करू?” डॉक्टरांनी रिपोर्ट फाडला आणि पेढे रोज खाऊ नका म्हणून सांगितलं.

बाकीच्यांनाही बोलावून फेरतपासणी झाली. सगळं उरकल्यावर डॉक्टर तिला म्हणाले, “यंत्रापुढे मीही हात जोडले होते, दाक्षायणी. पण नळी रोज तपासायची जबाबदारी तुमची. आणखी महिनाभर बघतो. पुण्याला तूर्त कळवत नाही.”

तिला यायला दिवेलागण झाली. सावित्रम्मांनी आंघोळीचं पाणी तापवून ठेवलं होतं. ऐकल्यावर एवढंच म्हणाल्या की देवाला लांबून नमस्कार केला तरी पोचतो. स्वयंपाक मात्र राहिला होता.

रोजनिशीच्या त्या पानाच्या तळाशी लिहिलं आहे: वरच्या दोघी आज खाली माझ्याकडेच जेवल्या. शेंगाचटणी संपली, उद्या कुटायची.