संथ गतीवर लावलेली तबकडी

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. जळगावातल्या आमच्या दोन खोल्यांत पुस्तकं थोडी आणि चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे फार. बाबांचा लाउडस्पीकरचा धंदा होता. लग्नं, सभा, जयंत्या. जयंतीला मात्र ते भोंगे बांधून झाले की स्वतःच गायला उभे राहायचे.

एक कॅसेटवाला त्यांच्या मागे लागला होता. "भाऊ, एकदा गा, घराघरांत पोचाल." बाबा म्हणाले, "चळवळीचं गाणं दुकानाच्या फळीवर बसत नसतं. ज्याला ऐकायचं त्यानं सभेला यावं." पुढे हातोहाती मोबाइल फोन आले. कुणी रेकॉर्ड करायला हात वर केला की बाबा कडव्यातच थांबायचे. "फोन खाली ठेव, टाळी दे." लोक हसत टाळी द्यायचे.

मग घशात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढलं. गळ्याला आता भोक आहे, त्यावर पांढरं फडकं. बाबांचा आवाज कशातच उरलेला नाही. त्यांचं तत्त्व मला आजही चूक वाटत नाही. पण त्याची झळ आईला लागली. रोज संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी त्यांची तान ऐकू आली की ती पहिली भाकरी तव्यावर टाकायची. आता ते दारात येऊन उभे राहतात तेव्हा तिला कळतं.

माझी थोरली बहीण पुण्यात गाते. या वर्षी तिचं पहिलं गाणं निघालं, तेही तबकडीवर, कारण शहरांत पुन्हा तबकड्यांची हौस आली आहे. शब्द मराठी, चाल ऱ्हिदम अँड ब्लूजची, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या गाण्याची. गेलेल्या माणसाची वाट पाहण्याचं गाणं. ती तबकडी घेऊन घरी आली आणि मी पहिल्याच चहाला तिला धरलं.

"ताई, यात वस्ती कुठे आहे? लढा कुठे आहे?"

"ही चाल ज्यांनी घडवली त्यांनाही कुणी दारात उभं करत नव्हतं. तुला काय, तू रडायच्या आधीसुद्धा पत्रक काढशील."

"आणि ऐकणार कोण? आपल्या वस्तीत प्लेअर कोणाकडे आहे?"

तिनं बाबांकडे बोट दाखवलं. बाबा नुसते ओठांनी हसले.

धंद्यातला जुना प्लेअर त्यांनी कपाटावरून खाली काढला, पुसला, स्पीकर जोडला. ताईनं हात पुढे केला तर तिला बाजूला सारलं. सुई ठेवायचं काम त्यांचं.

गाणं सुरू झालं. ढोल जड पडत होता, शब्द ओढल्यासारखे येत होते आणि गाणारा पुरुष होता. काय झालंय ते माझ्या लगेच लक्षात आलं नाही. बाबांकडे सगळ्या मोठ्या तबकड्या. प्लेअरचा खटका वर्षानुवर्षं खाली, त्यांच्या संथ गतीवर होता. ताईची छोटी तबकडी वेगानं फिरवायची. संथ फिरल्यामुळे तिचा आवाज खाली उतरला होता आणि उतरून थेट बाबांच्या गळ्यात जाऊन बसला होता. तीच खरखर, ओळ संपवताना तोच हेलकावा.

"बाबा, गती चुकली," म्हणत ताई खटक्याकडे वाकली. बाबांनी तिचं मनगट धरलं.

स्वयंपाकघरातून आई आली. हात पिठाचे.

"हाऊ आवाज कोना शे?"

तिनं बाबांकडे पाहिलं. त्यांचं तोंड मिटलेलं होतं.

"मी आहे, आई," ताई म्हणाली. "चुकीच्या गतीवर लागलंय."

आई दाराला टेकून शेवटपर्यंत उभी राहिली. आत भाकरी करपल्याचा वास आला. ताईनं धावत जाऊन तवा उतरवला.

तबकडी संपल्यावर बाबांनी स्वतः खटका वर केला आणि पुन्हा सुई ठेवली. आता ताई गात होती, तिच्या स्वतःच्या आवाजात. बाबांनी मांडीवर ठेका धरला, शेवटी दोन्ही हात वर करून टाळी दिली. ताई त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.

ती पुण्याला गेली. तबकडी इथेच आहे. प्लेअरचा खटका बाबा आता कायम वरच ठेवतात.

संध्याकाळी ते विहारात वंदनेला जातात. मग आई हात पुसते, खटका खाली ओढते, सुई ठेवते आणि चुलीपाशी जाऊन बसते. पहिली तान आली की भाकरी तव्यावर टाकते.